विजारीची वंशावळ

तुर्फानच्या खोऱ्यात पाऊस नावालाच पडतो. चीनच्या पश्चिमेकडच्या शिनच्यांग प्रांतातला हा भाग. खोऱ्याचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली, उन्हाळ्यात अंगाची लाही आणि हिवाळ्यात हाडं गोठवणारी थंडी. असल्या जमिनीत पुरलेली वस्तू कुजत नाही, नुसती वाळते. तिथल्या यांगहायच्या दफनभूमीत पुरातत्त्वज्ञांनी पाचशेहून अधिक थडगी उघडली. त्यांतल्या दोन थडग्यांत चाळिशीच्या आसपासचे दोन पुरुष होते आणि त्यांच्यासोबत त्यांचा पसारा: चामड्याचा लगाम, घोड्याच्या तोंडात द्यायचं लाकडी कडियाळं, चाबूक, सजवलेली घोड्याची शेपटी, धनुष्य, धनुष्याची खोळ, परशू. त्यांच्या विजारी लोकरीच्या होत्या. उल्रिके बेक, मायके वाग्नर आणि त्यांच्या जर्मन-चिनी सहकाऱ्यांनी २०१४ साली या कापडांचं वय प्रसिद्ध केलं. कार्बनच्या चाचणीत ते इसवी सनापूर्वीच्या तेराव्या ते दहाव्या शतकातलं निघालं. हाती लागलेल्या विजारींत याहून जुनी दुसरी नाही.

विजार जुनी आहे हे ठीकच, पण ती ज्या कसबाने केली आहे ते पाहिलं की पहिल्या प्रयत्नाची वस्तू असं तिला म्हणवत नाही. तिचे तुकडे तीन. प्रत्येक पायाला कमरेपासून घोट्यापर्यंत एक सलग, जवळजवळ आयताकृती पट्टा आणि दोहोंच्या मध्ये पायऱ्यापायऱ्यांच्या कडा असलेला, अधिकच्या चिन्हासारखा एक रुंद तुकडा. शिंपी ज्याला आसन म्हणतात ती जागा हा तिसरा तुकडा सांभाळतो. गंमत म्हणजे कात्री कुठेच लागलेली नाही. तिन्ही तुकडे मागावरच हव्या त्या आकाराचे विणून उतरवले आहेत, एका ठरावीक माणसाच्या मापाने. शिवणीचा दोराही विणलेल्या सुताच्याच रंगाचा आणि पोताचा आहे. म्हणजे विणणारा आणि शिवणारा एकच असावा, नाहीतर दोघं शेजारी बसून काम करत असावेत.

एका विजारीवर पुढे आणखी काम झालं आणि २०२२ साली तिचा सगळा हिशोब मांडला गेला. अंगभर ट्विलची तिरपी वीण आहे, जी आज जीनच्या कापडाला असते. साध्या उभ्या-आडव्या विणीपेक्षा ती जास्त ताण सोसते, गुडघा वाकवला तरी कापड तटतटत नाही. पण गुडघ्याशी आल्यावर विणकराने तंत्रच बदललं आणि तिथलं कापड जाड केलं. कमरेशी आणखी निराळी वीण घातली, की पट्टा घट्ट बसावा. गुडघ्यांवर एकमेकांत अडकलेल्या आकड्यांची नक्षी आहे. तसलीच नक्षी चीनमधल्या काशाच्या भांड्यांवर दिसते, तर पायऱ्यांच्या मनोऱ्यासारखी दुसरी नक्षी मध्य आशियातल्या मडक्यांवरच्या नक्षीची आठवण देते. कुठकुठल्या लोकांचं कसब या एका कापडात येऊन मिसळलं होतं! संशोधकांनी मग हुबेहूब तशी विजार विणून घेतली आणि खोगिराशिवाय बसणाऱ्या एका स्वाराला घातली. त्याने मांड ठोकली, घोडा पळवला. विजार कुठे काचली नाही.

थडग्यांतल्या वस्तू पाहता ही विजार घोड्यासाठी केली यात शंका घ्यायला फारशी जागा नाही. धातूच्या रिकिबी यायला त्या काळी अजून हजाराहून जास्त वर्षं होती. पाय टेकवायला आधार नाही, म्हणून सगळी मदार मांड्यांवर. माणूस मांड्यांनी घोडा आवळून धरतो, घोड्याच्या घामाने कातडी भिजते आणि कोसा-दोन कोसांत सोलून निघते. यांगहायचा तो रुंद मधला तुकडा याच त्रासावर काढलेला तोडगा आहे.

पाय झाकायची सोय त्याआधीही होती. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेला ओट्झी हा इसवी सनापूर्वी ३३०० च्या सुमाराचा माणूस. त्याच्या पायांत बकरीच्या कातड्याच्या दोन स्वतंत्र नळ्या होत्या, त्या कमरेच्या पट्ट्याला बंदांनी अडकवलेल्या. मध्ये मेंढीच्या कातड्याचा लंगोट. डोंगर चढायला, काट्याकुट्यांतून जायला ही व्यवस्था पुरेशी होती. जुन्या चीनमध्येही पायघोळ झग्याखाली अशाच सुट्या नळ्या चढवत. दोन नळ्या मधोमध जोडायची युक्ती मात्र कोणाला तरी सुचावी लागली, आणि ती सुचायला घोडा लागला.

अर्थात इथे एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. उघड्या पायांनी घोड्यावर बसणारे लोकही इतिहासात भरपूर झाले. पार्थेनॉनच्या शिल्पपट्टीवर अथेन्सचे तरुण उघड्या मांड्यांनी घोडे फेकत चालले आहेत. रोममध्ये ट्राजनच्या स्तंभावर उत्तर आफ्रिकेतले स्वार कोरले आहेत. त्यांच्या अंगावर आखूड झगा, घोड्याला लगामसुद्धा नाही, तरी ते सुसाट सुटले आहेत. तेव्हा घोडा आला की विजार आली, असं सरळ समीकरण मांडता येत नाही. फरक पडतो तो घोड्यावर किती वेळ काढायचा याने. अथेन्सचा तरुण मिरवणुकीपुरता किंवा लढाईपुरता घोड्यावर बसे आणि मग उतरून बाजारात गप्पा छाटायला जाई. काळ्या समुद्रापासून मंगोलियापर्यंत पसरलेल्या गवताळ मुलखातला मेंढपाळ सकाळी चढे तो रात्रीच उतरे, आणि तेही बोचऱ्या वाऱ्यात. विजार या दुसऱ्या माणसाची. जिथे घोडा वाहन होता तिथे झगा किंवा धोतर चाललं. जिथे घोड्यावरच दिवस जात होता तिथे विजार लागली.

आणि हा दुसरा माणूस शहरातल्या लोकांना कधीच आवडला नाही.

ग्रीकांनी विजारीची जेवढी टर उडवली तेवढी क्वचितच कोणी उडवली असेल. युरिपिडीजच्या ‘सायक्लॉप्स’ या नाटकात हेलन पॅरिसच्या नादी लागली ती त्याच्या पायांवरच्या रंगीबेरंगी पिशव्या पाहून, असा टोमणा आहे. पिशव्या म्हणजे विजार, कारण पॅरिस ट्रॉयचा, म्हणजे पूर्वेकडचा. हिरोडोटसने सांगितलेली गोष्ट तर राजकारणाची आहे. मिलेटसचा अरिस्टागोरस इसवी सनापूर्वी ४९९ च्या सुमारास स्पार्टाचा राजा क्लिओमिनिस याच्याकडे मदत मागायला गेला. काशाच्या पत्र्यावर कोरलेला जगाचा नकाशा त्याने सोबत नेला होता. इराण्यांना हरवणं किती सोपं आहे हे पटवताना तो म्हणाला की हे लोक धनुष्य आणि आखूड भाला घेऊन लढतात, लढाईत विजार घालतात आणि डोक्याला पागोटं बांधतात. विजार घालणारा माणूस काय लढणार, असा सूर. क्लिओमिनिसने शेवटी इराणची राजधानी किती दूर आहे ते विचारलं. तीन महिन्यांची वाट आहे असं कळल्यावर त्याने पाहुण्याला सूर्यास्तापूर्वी स्पार्टा सोडायला सांगितलं.

हाच हिरोडोटस पुढे मॅरेथॉनच्या लढाईबद्दल लिहिताना वेगळंच बोलून जातो. इराण्यांचा तो पोशाख आणि तो घातलेली माणसं समोर पाहूनही न डगमगणारे पहिले ग्रीक म्हणजे अथेन्सचे लोक, असं तो सांगतो. म्हणजे तोवर तो पोशाख पाहून भल्याभल्यांची पाचावर धारण बसत होती. थट्टेच्या पोटात भीती होती ती अशी. अथेन्सच्या भांड्यांवर रंगवलेल्या ॲमेझॉन, म्हणजे दंतकथांतल्या लढवय्या स्त्रियाही नक्षीदार, घट्ट विजारीत दिसतात. गवताळ मुलखातल्या शिथियन लोकांच्या दफनांच्या टेकाडांतून शस्त्रांसह पुरलेल्या खऱ्याखुऱ्या स्त्रिया निघाल्या आहेत, त्यामुळे चितारी अगदीच हवेत रंगवत नव्हते.

खुद्द इराणात विजारीला मोठा मान होता. पर्सेपोलिसच्या अपादान महालाच्या जिन्यांवर साम्राज्यातल्या नाना प्रजा राजाला नजराणे घेऊन चाललेल्या कोरल्या आहेत. त्यांत उंच टोकदार टोप्या घातलेले शकही आहेत. त्यांनी एक घोडा आणला आहे, कडी आणली आहेत, आणि मागच्या एकाने हातांवर पसरून धरली आहे ती विजार. सम्राटाला द्यायला विजार! त्या दगडी विजारीची घडी शिल्पकाराने किती मन लावून कोरली आहे ते पाहावं.

सिकंदराने हे साम्राज्य जिंकलं, इराणी सम्राट दारियसच्या गादीवर बसला, इराणी दरबाराचे रीतिरिवाज उचलले, पोशाखही बराचसा उचलला. पण प्लुटार्क सांगतो की विजार, लांब बाह्यांचा अंगरखा आणि उंच टोपी या तीन गोष्टी त्याने अंगाला लावल्या नाहीत. मॅसिडोनियाच्या जुन्या सरदारांसमोर विजार घालून यायची छाती त्यालाही झाली नाही, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो.

ग्रीकांच्या या नाकं मुरडण्याचा सूड काळाने मोठ्या मिस्कीलपणे उगवला. शिनच्यांगमधल्याच होतानजवळच्या सांपुल इथल्या थडग्यांतून १९८०च्या दशकात एक विजार बाहेर आली. तिचं कापड मुळात भिंतीवर टांगायचा एक भव्य, ग्रीक वळणाचा गालिचा होता. कोणीतरी तो फाडून त्याच्या विजारी शिवल्या. एका पायावर भाला घेतलेला, निळ्या डोळ्यांचा योद्धा आहे. त्याच्या वर शिंग फुंकणारा सेंटॉर, म्हणजे कमरेवर माणूस आणि कमरेखाली घोडा. कारागिराने शिवताना चित्राची पर्वा केल्याचं दिसत नाही.

पूर्वेकडे चीनमधली कथा आणखी नाट्यमय आहे, आणि तिच्यात एक राजा जिवानिशी गेला. चाओ हे उत्तरेकडचं राज्य, राजधानी हानतान. तिथला राजा वूलिंग चारी बाजूंनी घेरलेला होता. उत्तरेला आणि पश्चिमेला घोड्यावरून बाण मारणारे हू लोक, आणि राज्याच्या पोटातच चोंगशान नावाचं एक लहान पण उपद्रवी राज्य. या चोंगशानने मागे चाओच्या एका शहराला पाण्याने वेढून त्याची नामुष्की केली होती. चाओची फौज रथांची आणि पायदळाची. लांब बाह्यांचे, पायघोळ झगे घातलेले सरदार रथात उभे राहून लढत. डोंगराळ मुलखात रथ अडकून पडे आणि हू स्वार चार बाण मारून पसार होत. इसवी सनापूर्वी ३०७ मध्ये वूलिंगने ठरवलं, आपणही हूंसारखे कपडे घालायचे, विजार चढवायची आणि घोड्यावरून धनुष्य चालवायला शिकायचं.

त्याला शत्रूची भीती नव्हती. जग हसेल ही धास्ती त्याने मंत्र्यापाशी बोलून दाखवली. आणि पहिला विरोध घरातूनच आला. काका राजपुत्र छंग दुखण्याचं निमित्त करून दरबारात येईनासे झाले. त्यांचं म्हणणं असं की आपला देश शहाण्यांचा, विधींचा, ऋषितुल्य पुरुषांचा. रानटी लोकांनी आपल्याकडून शिकायचं, आपण त्यांच्याकडून नव्हे. राजा स्वतः काकांच्या घरी गेला आणि त्याने त्यांना फटकारलं नाही, हे विशेष. कपडे सोयीसाठी असतात, विधी कामासाठी असतात, प्रत्येक मुलखाची रीत तिथल्या गरजेतून आलेली असते, हे त्याने शांतपणे मांडलं आणि मग चोंगशानने केलेल्या त्या अपमानाची आठवण करून दिली. काका वरमले. राजाने त्यांना हू पोशाख दिला आणि दुसऱ्या दिवशी म्हातारा तो घालून दरबारात हजर झाला. मग हुकूम सुटला. हा सगळा संवाद जुन्या चिनी इतिहासग्रंथांत इतक्या तपशिलाने दिला आहे की पोशाखावरून झालेला राजकीय वाद म्हणून त्याला तोड सापडणं कठीण. विरोधकांची बाजूही त्यात नीट, वजनदार शब्दांत येते, हे त्या ग्रंथकारांचं मोठेपण.

डाव यशस्वी झाला. इसवी सनापूर्वी २९६ मध्ये चोंगशान बुडालं. वूलिंगने तोवर गादी धाकट्या मुलाला देऊन टाकली होती आणि स्वतः रणांगणावर मोकळा झाला होता. एकदा तर तो दूताच्या वेषात शत्रूच्या, म्हणजे छिनच्या दरबारात जाऊन राजाला न्याहाळून आला. पण २९५ मध्ये थोरल्या मुलाने बंड केलं, ते फसलं आणि तो पळून बापाच्या महालात शिरला. पाठलागावर आलेल्यांनी महाल वेढला, मुलाला मारलं आणि मग आपण राजाच्याच महालाला वेढा घातला याची शिक्षा होईल या भयाने वेढा उठवलाच नाही. आतले सगळे बाहेर पडले, एकटा राजा आत राहिला. घरट्यांतली चिमण्यांची पिल्लं खाऊन त्याने दिवस काढले. तीन महिन्यांनी तो उपासमारीने मेला. वेढा घालणाऱ्यांत मुख्य होते तेच राजपुत्र छंग.

रोमचा किस्सा याच्यापुढे फिका वाटतो, पण तो लांबलचक चालला. रोमन लोक आल्प्सपलीकडच्या गॉल प्रदेशाच्या एका भागाला सरळ विजारवाला गॉल म्हणत आणि जिथले लोक सुधारले असं त्यांना वाटे त्या भागाला टोगावाला गॉल. टोगा म्हणजे रोमन नागरिकाचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र. इसवी सन ८ मध्ये कवी ओव्हिड काळ्या समुद्राकाठच्या टोमिसला हद्दपार झाला, तिथून पाठवलेल्या कवितांत आपल्या हालांची यादी करताना तिथल्या लोकांच्या कातडी पोशाखांची आणि विजारींची तक्रारही त्याने जोडली. ६९ सालच्या यादवीत सेनापती कैकिना रंगीत अंगवस्त्र आणि विजार घालून इटलीत उतरला आणि टोगा घातलेल्या नगरप्रमुखांशी तसाच बोलला. टॅसिटस लिहितो की लोकांना तो उर्मटपणा वाटला. एवढं सगळं असून पहिला सम्राट ऑगस्टस हिवाळ्यात काय घालत होता? सुएटोनियसने नोंदवलं आहे: जाड टोग्याखाली चार झगे, आतून सदरा, छातीला लोकरीचं वेष्टन आणि मांड्यांना व पोटऱ्यांना गुंडाळलेली कापडं. विजार नाही म्हणायचं आणि विजारीचं सगळं काम करून घ्यायचं.

सैनिकांना असल्या सोवळ्याची चैन परवडणारी नव्हती. ट्राजनच्या स्तंभावर रोमन स्वारांच्या आणि बऱ्याच शिपायांच्या पायांत गुडघ्याखालपर्यंतचे चोळणे दिसतात. ३०१ साली सम्राट डायोक्लेशनने काढलेल्या भावांच्या फर्मानात शिंपीकामाच्या दरांमध्ये विजार शिवायचाही दर आहे. उत्तर जर्मनीतल्या थोर्सबर्गच्या दलदलीतून त्याच सुमाराची एक लोकरी विजार निघाली. तिला पट्ट्यासाठी लूप आहेत आणि खाली मोजेही जोडलेले आहेत, लहान मुलांच्या थंडीतल्या कपड्यांना असतात तसे. आणि मग चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट होनोरियसच्या नावाने कायदा निघाला: रोम शहरात विजार घालणाऱ्याची मालमत्ता जप्त आणि त्याला कायमची हद्दपारी. गमतीची गोष्ट अशी की होनोरियसचं राज्य ज्याच्या जिवावर चाललं होतं तो सेनापती स्टिलिको स्वतः व्हँडल बापाचा मुलगा. ४१० मध्ये अलारिकचे गॉथ रोममध्ये शिरले तेव्हा हा कायदा त्यांना कोणी वाचून दाखवला नसावा.

भारतात विजार आली ती या गवताळ मुलखातूनच, शक-कुषाणांच्या पायांतून. मथुरेजवळच्या माट गावी १९११ साली कनिष्काचा पुतळा सापडला. डोकं नाही, पण ओळख पटायला अडचण नाही, कारण अंगरख्याच्या घेरावर नावच कोरलेलं आहे. उरली आहेत ती बाहेरच्या बाजूला फाकलेली, प्रचंड बुटांतली पावलं. यमुनेकाठच्या उकाड्यात तो अंगरखा आणि ते बूट म्हणजे शिक्षाच, पण आपलं घराणं गवताळ मुलखातून आल्याची खूण हा राजा अंगावर बाळगून होता. नाण्यांवर त्याची विजारही दिसते. पुढे गुप्तांचा समुद्रगुप्त, अगदी इथल्या मातीतला राजा, आपल्या सुवर्णनाण्यांवर कुषाण पद्धतीचा कोट आणि विजार घालून उभा राहतो. ज्यांचं राज्य मोडलं त्यांचाच पोशाख आता राजेपणाची खूण झाला होता.

देवांतही एकाने तो घेतला. सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत सांगतो की सूर्याची मूर्ती उत्तरेकडच्या लोकांच्या वेषात, पायांपासून छातीपर्यंत झाकलेली असावी. म्हणून उत्तरेतल्या जुन्या सूर्यमूर्तींच्या पायांत गुडघ्यापर्यंत बूट दिसतात. इतर देव अनवाणी, हा एकटाच बूट घालून रथात उभा. विश्वकर्म्याने सूर्याचं तेज कातून कमी केलं तेव्हा पाय तेवढे राहून गेले, ते पाहू नयेत म्हणून झाकायचे, अशी पुराणातली कथा आहे. मूर्ती आधी आणि कथा मागाहून, असंच इथे झालेलं दिसतं.

महाराष्ट्रात शक राज्य करून गेले. त्यांच्यातला राजा नहपान याचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या लेण्यात आहेत. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचं घबाड निघालं, तेरा हजारांहून जास्त. त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने विजयानंतर आपला ठसा मारून ती पुन्हा चालवली. शकांची नाणी चालली, त्यांच्या नावाचा शक पंचांगात आजही चालतो, पण त्यांची विजार इथे रुजली नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरची भरदार जोडपी कमरेला वस्त्र आणि अंगभर दागिने एवढ्यावर खूश आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात टोकदार टोप्या, दाढ्या, अंगरखे घातलेले परदेशी लोक आहेत. छतावरच्या एका चित्रात असाच एक दाढीवाला चषक हातात घेऊन बसला आहे आणि त्याच्या पायांत पट्ट्यापट्ट्यांचे मोजे आहेत. चितार्‍याने ते पट्टे एकेक करून रंगवले आहेत. त्याला त्या पोशाखाची मजा वाटली होती, घालून पाहायची इच्छा मात्र झाली नसावी.

कारण इथे निराळा उपाय हाताशी होता. न शिवलेलं लांब वस्त्र नेसायचं आणि त्याचा सोगा दोन पायांमधून मागे नेऊन खोचायचा. कासोटा मारला की दोन पाय सुटे झाले, मधली जागा झाकली गेली आणि कात्री-सुई काहीच लागलं नाही. यांगहायच्या विणकराने तिसरा तुकडा विणून जे साधलं ते इथे नुसत्या नेसण्यात साधलं. दमट हवेत तर हेच बरं. नऊवारी नेसलेली बाई घोड्यावर बसू शकते, शेतात वाकू शकते, डोंगर चढू शकते. इराणी वळणाच्या सुरवारी, तुमानी आणि विजारी दख्खनमध्ये सुलतानांच्या दरबारांतून पसरल्या आणि मराठ्यांनी त्या उचलल्या. शिवाजी महाराजांच्या जुन्या चित्रांत जाम्याखाली चुस्त सुरवार दिसते. मावळ्याच्या वाट्याला आखूड मांडचोळणा आला. धोतर घरी राहिलं, घोड्यावर चोळणा चढला. दोन्ही एकाच घरात, एकाच दोरीवर वाळत राहिले आणि त्यावरून कोणी कायदा केला नाही.

कायदा केला तो पॅरिसने, आणि तो बायकांसाठी. १८०० साली तिथल्या पोलीसप्रमुखाने हुकूम काढला की स्त्रीला पुरुषी पोशाख, म्हणजे मुख्यतः विजार, घालायची असेल तर पोलिसांचा परवाना हवा. घोड्यांचा बाजार चितारणारी प्रसिद्ध चित्रकर्ती रोझा बोनर हिने १८५७च्या मे महिन्यात असा परवाना काढला. जनावरांच्या बाजारात, खाटीकखान्यात उभं राहून चित्रं काढायची तर झगा चिखलात लोळतो. परवान्यावर कारण मात्र प्रकृतीचं लिहिलं होतं, मुदत सहा महिने, आणि नाटकाला किंवा नाचाच्या समारंभाला त्या वेषात जायला मनाई. १८९२ आणि १९०९ मध्ये त्यात सवलती आल्या: हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर स्त्रीला विजार चालेल. तीन हजार वर्षांनी पुन्हा घोडाच मदतीला आला. हा हुकूम केव्हाच निष्प्रभ झाला आहे असं फ्रेंच सरकारने अधिकृतपणे सांगितलं ते २०१३ साली.

बोनरबाई सहामाही परवान्यावर चित्रं काढत होत्या त्याच सुमारास कोकणातले एक भिक्षुक, विष्णुभट गोडसे, दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीत अडकले. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात राणी लक्ष्मीबाईंच्या पोशाखाचं वर्णन आहे. बाईसाहेब कधी स्त्रीवेषात असत, कधी पुरुषवेषात. पुरुषवेषात असत तेव्हा पायात पायजमा, डोक्याला पागोटं, कमरेला तलवार. भटजी एरवी सोवळ्याओवळ्याचे काटेकोर, प्रवासात कुठे स्वयंपाक केला तेही लिहून ठेवणारे. पण पायजम्यावर ते एक शब्दही वावगा काढत नाहीत. त्यांना जास्त कौतुक आहे ते बाईंच्या अश्वपरीक्षेचं. उत्तरेत त्या काळी घोडा पारखणारी माणसं तीनच, नानासाहेब पेशवे, ग्वाल्हेरचे बाबासाहेब आपटे आणि लक्ष्मीबाई, असं ते सांगतात. एकदा एक व्यापारी दिसायला सारखे दोन उमदे घोडे घेऊन आला. बाईंनी दोन्हींवर बसून फेर घेतले आणि एकाची किंमत भरघोस सांगितली, दुसऱ्याची अगदीच फुटकळ. सगळे चकित झाले, तेव्हा म्हणाल्या की दुसऱ्याची छाती दुखावलेली आहे. व्यापाऱ्याने ते कबूल केलं.